घरटी एक

पेठ वडगावात रुद्राप्पा शेटेचं खिळे-पत्र्यांचं दुकान होतं, पण त्याला कुणी नुसता दुकानदार म्हटलेलं खपत नसे. तो स्वतःला विचारवंत समजायचा. विचारवंताला एक डोकं लागतं आणि एक फळा लागतो. त्यातला फळा रुद्राप्पाकडं होता. दाराएवढा उंच, काळाकुळकुळीत, दुकानाच्या पायरीशी तारेनं बांधलेला. रोज सकाळी दुकान उघडलं की गल्ल्याला हात जोडायच्या आधी तो ओला खडू घेऊन फळ्यापुढं उभा राही आणि जगाला चार शब्द सुनवी. नगरपालिकेचं पाणी, क्रिकेटवाल्यांचा आळस, कॉलेजातल्या पोरींचे केस, अमेरिका, काहीही चाले. ज्यातलं आपल्याला कळत नाही त्यावर बोलू नये असा कायदा असता तर तो फळा जन्मभर कोरा राहिला असता.

कारगिलच्या लढाईत रुद्राप्पाला खरा सूर सापडला. ज्या माणसानं जन्मात कधी उंदीर मारला नव्हता, तो फळ्यावर रोज एक शहर जिंकू लागला. लोक थांबून वाचत, माना डोलवत, एखादा खिळ्यांचा पुडाही घेऊन जाई. मग लढाई संपली. देशाला आनंद झाला आणि रुद्राप्पाचं तोंड उतरलं. पुन्हा नळ आणि पुन्हा गटारी. लढाई संपल्याचं दुःख अख्ख्या तालुक्यात त्या एकट्यालाच झालं असेल.

तशात दोन हजार एकच्या डिसेंबरात दिल्लीत संसदेवर हल्ला झाला आणि फौजा सीमेवर निघाल्या. वर्तमानपत्रात एक लेख आला: सैन्यात माणसं कमी आहेत, लढाई लांबली तर सक्तीची भरती येईल का? लेखाच्या शेवटी लेखकानं स्वच्छ ‘नाही’ असं उत्तर दिलं होतं. पण रुद्राप्पा कुठल्याही लेखाच्या शेवटापर्यंत आजवर कधी गेलेला नव्हता. त्यानं मथळा वाचला, चष्मा पुसला आणि खडू उचलला.

‘सैन्यात माणसे कमी! लामाच्या काळातली घरटी भरती परत आणा!’

लाम म्हणजे महायुद्ध. त्या वेळी घरटी एक माणूस मागितला होता, असं म्हणे रुद्राप्पाचा आजा सांगायचा. खरं-खोटं त्या आज्याला ठाऊक. आमच्याकडं गावच्या कामाला घरटी एक माणूस काढतात, जत्रेला घरटी वर्गणी काढतात, तशी लढाईलाही काढायची असते अशी रुद्राप्पाची समजूत. दुसऱ्या दिवशी त्यानं कायदा पुढं नेला: ‘घरटी एक मुलगा. दोन असतील तर एक देशाचा!’ तिसऱ्या दिवशी शेजारचा कापडवाला कृष्णात भांडायला आला, कारण त्याला एकच पोरगा होता. कृष्णात उधार न ठेवणारं गिऱ्हाईक. म्हणून चौथ्या दिवशी कायद्यात दुरुस्ती झाली: ‘एकुलत्या एका मुलाला सूट.’ खाली बारीक अक्षरात ‘रु. शं. शेटे यांचे मत’ असंही लिहिलेलं असे. पण फळ्याच्या त्या भागाला गिऱ्हाइकं सायकली टेकवत, त्यामुळं ते मत कुणाचं हे कुणाला कधी दिसलं नाही.

गुंडू हवालदार फौजेतनं पेन्शनीत आलेला माणूस, गोठ्याला पत्रे न्यायला आला होता. त्यानं कमरेवर हात ठेवून सगळं वाचलं.

“रुद्राप्पा, तुला दोन हैत न्हवं? मग कंचा देतूस?”

“आमचं यापाऱ्याचं घर,” रुद्राप्पा म्हणाला. “आमी टॅक्स भरतो. लढाया शेतकऱ्याच्या पोरांनी करायच्या. ती काटक असत्यात.”

“व्हय की. आणि यापाऱ्याची पोरं काय लोण्याची असत्यात?” गुंडू म्हणाला. “अरं, कोल्हापुरात भरती निघती तवा एकदा जाऊन बघ. थंडीत चड्डीवर पोरांची रांग लागती. निम्म्याच्या वर हाकलून द्यावी लागत्यात. आणि तू सक्ती कुणावर करायला निघालाईस?”

रुद्राप्पानं हे ऐकलं नाही. बोलणाऱ्याला ऐकू येत नसतं. बंदूक दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून चालवायची असली की नेम कुठं लागतो याची फिकीर कुणाला असते? त्यानं पत्रे मोजून दिले आणि दुसऱ्या दिवशीचा मजकूर मनात जुळवायला घेतला.

आता बाजाराच्या दिवशी वडगावात चाळीस गावांची माणसं येतात. कुणी म्हैस विकायला, कुणी मिरची घ्यायला. त्यांनी येता-जाता फळा वाचला. कुणी निम्मा वाचला, कुणी वाचणाऱ्याच्या तोंडून ऐकला, आणि जो तो आपल्या गावी घेऊन गेला. गावी पोचेपर्यंत ‘आणा’चं ‘आणली’ झालं होतं. तिथून ते पाव्हण्या-रावळ्यांत गेलं, हद्द ओलांडून कर्नाटकात निपाणीकडं गेलं, तिकडं त्याला सरकारी शिक्का बसला, आणि दहा-पंधरा दिवसांनी ते टेलिफोनवर बसून पुन्हा वडगावात आलं. सुनेचा बाप, म्हणजे रुद्राप्पाचा व्याही, फोनवर घाबराघुबरा होऊन विचारत होता:

“पावणं, तुमच्या महाराष्ट्रात घरटी एक निघालं म्हणं? दोन असली तर एक घेत्यात? आणि एकुलत्याला सूट हाय म्हणं, खरं काय?”

कुठलाही शहाणा माणूस इथं पोट धरून हसला असता. आपलाच खडू, आपलाच फळा, आपलीच सूट. पण रुद्राप्पा शहाणा नव्हता, विचारवंत होता. ‘माझं मत सरकारनं उचललं!’ एवढंच त्याच्या डोक्यात आलं. अर्धा तास त्याची छाती शर्टाच्या गुंड्या तोडायला निघाली होती. त्यानं केरबाच्या टपरीवरून सगळ्या गाळ्याला चहा सांगितला. चहा पिता पिता त्याला आठवलं की आपल्याला दोन मुलगे आहेत. बशी हातातच राहिली.

थोरला सोमशेखर दुकानात बसायचा. लग्न झालेलं, एक लेकरू. कुठला स्क्रू कुठल्या डब्यात हे त्याला ठाऊक. धाकटा मृत्युंजय विशीतला. बारावीत दोनदा आपटलेला, कबड्डी खेळणारा, घरात फारसं न बोलणारा. रुद्राप्पा त्याला नावानं क्वचितच हाक मारी. ‘आमचं बिनकामाचं’ असं म्हणे. आता सरकार दारात आलं तर दोघांतला कोण, हे ठरवायला रुद्राप्पाला पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नाही. पण द्यायचा नव्हता तोही. एवढं त्याच्या पदरात टाकलं पाहिजे. पोराचा जीव त्याला प्यारा होता. लबाड माणसालाही पोटचं पोर प्यारंच असतं, फक्त दुसऱ्याचंही असतं हे त्याला कळत नाही.

तो गुंडू हवालदाराच्या गोठ्यावर गेला. आपण सहज आलोय असं दाखवत म्हणाला, “काय गुंडूबा, सरकार खरंच असं काय करंल?”

गुंडूनं म्हशीच्या पाठीवरचा हात काढला नाही. चेहराही हलवला नाही. “करंल की. तुझा फळा दिल्लीस्नं येऊन कोणतर वाचून गेलं असंल.”

टोमणा कळायला माणसाला थोडी लाज असावी लागते. रुद्राप्पा ते शब्द खरे मानून घरी आला, आणि येतो तो काय, दाराच्या चौकटीवर पांढऱ्या खडूनं काहीतरी खूण केलेली. एक अक्षर आणि दोन आकडे. दुसऱ्याच्या भिंतीवर असतं तर त्यानं शुद्धलेखन तपासलं असतं. आपल्या चौकटीवर बघून तो उंबऱ्यातूनच ओरडला.

“शिवलीला! कोण आलतं?”

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. “डोसवाल्या बाया. पोलिओच्या. घरात पोरं किती म्हणून इचारलं. सोमूच्या पोरीला थेंब पाजून गेल्या.”

“पोरं किती म्हणून इचारलं?”

“आवो, पाच वर्साच्या आतली!”

“डोस हे नुसतं निमित्त असतंय,” रुद्राप्पा कुजबुजला. “सरकार असंच करतंय. तुला कळायचं न्हाय.” त्यानं बोटाला थुंकी लावून ती खूण पुसली. शेजाऱ्यांच्या दारांवरच्या खुणा मात्र तशाच ठेवल्या.

आता यावर तोड काय? कायदा त्याचाच होता, तेव्हा पळवाटही त्यालाच ठाऊक. एकुलत्या एकाला सूट. एका घरातले दोघे दोन घरांत एकेक करायचे. म्हणजे धाकट्याला दत्तक द्यायचा. आणि द्यायला घरही लांब नव्हतं.

रुद्राप्पाचा थोरला भाऊ वारून बारा वर्षं झाली होती. त्याला मूलबाळ नव्हतं. मागं राहिलेली रत्नव्वा, रुद्राप्पाची वहिनी, इचलकरंजीजवळ कबनूरला राहायची. वाटणीत पेठेतलं दुकान रुद्राप्पानं घेतलं आणि कबनूरचे चार जुने यंत्रमाग वहिनीच्या गळ्यात घातले. बाईमाणूस, वर्षभरात भंगारात घालील, असा त्याचा हिशेब. रत्नव्वानं पदर खोचला, तेलात हात घातले आणि चाराचे आठ माग केले. भाऊ जिवंत असताना त्या दोघांनी एकदा धाकट्याला दत्तक मागितलं होतं. मृत्युंजय तेव्हा दोन वर्षांचा, तापातून उठलेला, आणि त्या तापात महिनाभर रत्नव्वाच उशाशी बसलेली. त्या वेळी रुद्राप्पा भर पंगतीत म्हणाला होता, “पोरं पायजेत तर पदरात पाडून घ्यावीत. मागून मिळायला ती काय ताकाची वाटी हाय?” त्यानंतर रत्नव्वानं त्याच्या घरचं पाणी घेतलं नाही.

त्याच घरी आता रुद्राप्पा पेढ्यांचा पुडा घेऊन गेला.

रत्नव्वानं सगळं ऐकून घेतलं. पेढ्याला हात लावला नाही. “म्हंजे लढाईपुरतं पोरगं माझ्याकडं ठेवायचं म्हणताय, भावजी?”

“कागदापुरतं, वैनी. नुसतं कागदापुरतं.”

“कागदापुरतं पोर मी घेत न्हाय,” ती म्हणाली. “घेतलं तर मांडीवर घेईन. जंगम बोलवायचा, भावकी बोलवायची, गोडाचं जेवण घालायचं. शिवलीलानं आपल्या हातानं माझ्या ओटीत घालायचं. आणि त्या दिसापास्नं त्येचा अप्पा कोण, ते तुमी मनात पक्कं धरायचं. हाय कबूल?”

रुद्राप्पा कबूल झाला. त्याला वाटलं, बाईला मिरवायचं आहे, मिरवू दे. उद्या लढाई संपली की पोर माघारी.

कोल्हापुरात त्यानं एक वकील गाठला. “विशीतला पोरगा दत्तक देता येतो काय?”

“तुमच्यात तसा रिवाज असला तर येतो,” वकील म्हणाला. “आपल्याकडं मोठ्या वयाचे दत्तक होतात. कागद नोंदवून घ्या. पण एक लक्षात ठेवा...”

“झालं की मग!” रुद्राप्पा उठलासुद्धा. वकिलाचं पुढचं वाक्य तिथंच टेबलावर राहिलं.

घरी त्यानं ही गोष्ट जेवताना सांगितली. सोमशेखर शेजारी, मृत्युंजय समोर, शिवलीला भाकरी वाढत होती.

“मृत्युंजय, तू वैनीकडं जायाचं. दत्तक. कागदापुरतं. भरती आली तर एकुलत्याला सूट हाय.”

पोरानं घास खाली ठेवला. “आणि सोमूदादा?”

“त्येला दुकान हाय.” रुद्राप्पानं आमटीची वाटी पुढं केली. “वाढ गं.”

मृत्युंजय बापाकडं बघत राहिला. आणखी काहीतरी येईल अशी त्याची वाट असावी. मग तो “बरं” म्हणाला आणि पुढं जेवू लागला. शिवलीलानं आमटी वाढली. रुद्राप्पाला वाटलं होतं ती रडेल, भांडेल, माहेरी जाते म्हणेल. त्यासाठी त्यानं एक भाषणही तयार ठेवलं होतं. पण ती एकच म्हणाली, “सही कुठं करायची ते सांगा.” तयार भाषण वाया गेल्याचं त्याला थोडं वाईट वाटलं.

जानेवारी संपता संपता कबनूरला दत्तकविधान झालं. जंगमांनी विभूती लावली, शिवलीलानं पोराचा हात वहिनीच्या हातात दिला, रत्नव्वानं त्या उंच्यापुऱ्या पोराला मांडीवर घेतलं आणि तोंडात साखर घातली. भावकीतल्या बायका हसल्या, कारण पोराचे पाय मांडीवरून पार जमिनीवर गेले होते. रत्नव्वा हसली नाही. रुद्राप्पा दारातल्या पाहुण्यांना सांगत होता की आपल्या थोरल्या भावाचा वंश बुडू नये म्हणून काळजावर दगड ठेवून आपण हा त्याग केला. दुसऱ्या दिवशी त्यानं फळ्यावर लिहिलं, ‘त्यागाशिवाय राष्ट्र नाही.’ हेही त्यानं लाज न वाटता लिहिलं.

मग तो लढाईची वाट बघू लागला. उन्हाळा गेला, पाऊस गेला. सीमेवर फौजा नुसत्या उभ्या होत्या. घरटी एक सोडा, घरटी अर्धासुद्धा कुणी मागायला आलं नाही. उलट कोल्हापुरात भरती निघाली तेव्हा शिरोळपासून राधानगरीपर्यंतची पोरं आदल्या दिवशीच येऊन फुटपाथवर झोपली आणि त्यातली बहुतेक तोंड पाडून घरी गेली. वडगावातली तीन पोरं गेली होती, तिन्ही परत आली. पेढे वाटून गेली होती बिचारी. ज्यांना जायचं होतं त्यांना जागा नव्हती, आणि ज्याला कुणी बोलावलं नव्हतं तो वडगावात दार लावून बसला होता.

ऑक्टोबरात फौजा माघारी घ्यायचं ठरल्याची बातमी आली. रुद्राप्पानं ती तीनदा वाचली, या वेळी शेवटपर्यंत. खरं सांगायचं तर त्याचं घर त्या नऊ महिन्यांत त्याला खायला उठलं होतं. सकाळी दुकानाची जड फळी धाकटाच उचलायचा. आता ती उचलताना सोमशेखर करवादायचा. जेवताना शिवलीला तीन ताटं मांडून एक परत ठेवून द्यायची आणि त्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. त्यात इचलकरंजीच्या सूतबाजारातून येणारी माणसं ‘रत्नव्वाचा पोरगा लई कामाचा निघाला’ म्हणून सांगत. ‘रत्नव्वाचा’ हा शब्द रुद्राप्पाला खडा चावल्यासारखा लागे. त्याला पोराची आठवण येत होती. आणि आठवण येते हे कुणाला सांगायचं त्याला माहीत नव्हतं, कारण फळ्यावर तसलं काही लिहायची सवय नव्हती.

तो वकिलाकडं गेला. “त्यो दत्तकाचा कागद आता फाडायचा.”

“फाडता येत नाही,” वकील म्हणाला. “तेच तर सांगत होतो तेव्हा. एकदा झालेलं दत्तक मोडत नाही. द्यायचं ते विचार करून द्यायचं.”

“पर लढाई झालीच न्हाय की!”

वकिलानं चष्म्यावरून बघितलं. “लढाईचा आणि दत्तकाचा काय संबंध?”

हे ऐकायला रुद्राप्पाला इतका उशीर झाला होता. तरी त्यानं मनाशी म्हटलं, कागद काय म्हणायचा ते म्हणो. पोर आपलं आहे, हाताला धरून आणलं की येईल. शिवलीलाला बरोबर चल म्हणाला. ती म्हणाली, “दिलेलं पोर मागायला मी येत न्हाय.” म्हणून तो एकटाच कबनूरला गेला.

मृत्युंजय मागाच्या शेडमध्ये होता. बनियनवर, कानात कापसाचे बोळे, एका मागाचा तुटलेला धागा सांधत. आठ माग एकदम चालले की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडावं लागतं, इतकी खडखड असते. रुद्राप्पा म्हणाला, “घरी चल.” पोरानं हातानं कानाची खूण केली. रुद्राप्पा मोठ्यानं म्हणाला, “लढाई संपली, घरी चल!” पोरानं पुन्हा मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. कामगार वळून बघू लागले. उभ्या आयुष्यात रुद्राप्पाचं म्हणणं कुणाला ऐकू आलं नाही असं कधी झालं नव्हतं. त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जिवाच्या आकांतानं ओरडला, “मी भ्यालतो रं! भ्यालतो म्हणून दिलं तुला!”

आणि नेमकी पहिल्या ‘भ्यालतो’वर लाईट गेली. त्या दिवसांत लोडशेडिंग असंच, घड्याळ न बघता यायचं. आठही माग एकदम गप्प झाले, आणि पुढचे शब्द त्या शांततेत एवढे लख्ख ऐकू आले की बाहेर सुताच्या कांड्या भरणारी बाईसुद्धा दारात येऊन उभी राहिली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मृत्युंजयनं कानातला कापूस काढला. “कशाला भ्यालता?”

“भरतीला. तुला नेतील म्हणून.”

“मला?” पोरगा म्हणाला. “मला भरतीनं दोन वर्सामागं मैदानावरनंच परत धाडलंय. माजं तळवं सपाट हैत. सपाट पायाचं पोरगं फौजेला चालत न्हाय. सक्ती आली असती तरी मला न्हेलं नसतं.”

रुद्राप्पानं पोराच्या पायांकडं बघितलं. सुताच्या धुळीत उभे असलेले रुंद, पसरट पाय. वीस वर्षं ते त्याच्याच घरात फिरले होते आणि ते कसे आहेत हे तो आज बघत होता.

“मग तवाच का बोलला न्हाईस?” त्याचा आवाज चिरका झाला.

“तुमी इचारलं कुठं?” मृत्युंजय म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर रुद्राप्पाला भांडता आलं असतं.

रत्नव्वा शेडच्या दारात आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं, पण ऐकल्याचं दाखवलं नाही. “भावजी, ताट वाढलंय. जेवूनच जावा,” ती म्हणाली, आणि पाहुण्याला धुवायला द्यावं तसं पाणी तिनं त्याच्या हातावर घातलं. रुद्राप्पा जेवला. पोरानं त्याला आग्रह केला, दही वाढलं. निघताना वाकून पाया पडला.

“काकूला सांगा,” तो म्हणाला, “पुढच्या सुट्टीला येतो.”

शिवलीलाला ‘काकू’ म्हणण्याआधी पोर क्षणभर अडलं होतं. पण मागं रत्नव्वा उभी होती, आणि तिच्या घरात राहून तिच्यासमोर दुसऱ्या कुणाला अव्वा, म्हणजे आई, म्हणायचं त्यानं बंद केलं होतं. पोर आता आपल्याला काय म्हणणार हे त्याच्यावरून रुद्राप्पाला आपोआप कळलं.

घरी शिवलीला मेथी निवडत बसली होती. रुद्राप्पा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. चपलाही काढल्या नव्हत्या.

“त्येचं पाय सपाट हैत. ठावं हुतं तुला?”

“व्हय.” तिनं जुडीचा दोरा सोडला. “न्हानपणी तेल लावून मीच रगडल्यात की. भरतीस्नं परत आला तवा मागच्या दारी बसून रडला. तुमी फळा पुसत हुता.”

“मग सही करताना तोंड शिवलं हुतं व्हय तुजं?”

आता तिनं वर बघितलं. “त्या दिशी जेवताना तुमी दोन पोरांतलं एक काढून ठेवलं. कंचं ठेवायचं आणि कंचं द्यायचं, एका घासापुरता बी इचार केला न्हाईसा. त्यो समोर बसून बघत हुता. सोमूदादाचं काय म्हणून त्येनं इचारलं, तवा तुमी आमटी मागितली. म्हटलं, जाऊ दे. हितं त्येला द्यायला निघाल्यात, तिथं त्येला मागून घेतलंय. आईनं आणिक काय बघायचं?”

रुद्राप्पानं वाकून चपला काढल्या. एवढ्या वर्षांत त्यानं तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि ती बघायला बायकोशिवाय तिथं कुणी नव्हतं.

“येतो म्हणाला काय?” तिनं विचारलं.

“पुढच्या सुट्टीला.” तो घुटमळला. “काकूला सांगा म्हणाला.”

शिवलीलाचे हात थांबले. मेथीची काडी बोटात तशीच राहिली. मग तिनं ती खुडली आणि पाटीत टाकली.

“काकू तर काकू,” ती म्हणाली. “येतोय न्हवं?”